मैल मोजणाऱ्या चाकाची कुळकथा

धुळ्याहून पारोळा, एरंडोल करीत जळगावास जाणारा सुमारे ९० किलोमीटरांचा रस्ता माझ्या जुन्या मोटारसायकलीने कित्येक वेळा तुडविला आहे. परंतु गेल्या उन्हाळ्यात जळगावास उतरून मीटरकडे पाहतो तो, वेगाचा काटा वाटभर बिनचूक हलत असताना खालचे आकडे मात्र धुळ्यास होते तेथेच खिळलेले! एवढा प्रवास घडला, आणि त्याची दप्तरी नोंद नाही, ही गोष्ट मनाला फार लागली.

आपल्या मुलखात अंतर सांगावयाचे ते कोसांनी. कोस हा संस्कृत क्रोशाचा वंशज, आणि क्रोश म्हणजे हाक. हाक जेथवर पोहोचेल तेवढी वाट तो एक कोस, अशी या मापाची उपपत्ती सांगतात. माणसाच्या कंठावर बेतलेले हे माप मला अतिशय प्रिय आहे. पण हाक वाऱ्यावर अवलंबून, चाकाचा घेर मात्र सदा तेवढाच, आणि या साध्या सत्यावरच मैलमापकाचे सारे घराणे उभे आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन स्थापत्यकार विट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात वर्णिलेल्या गाडीचे चाक एका फेऱ्यात साडेबारा फूट जाई, दर फेऱ्याला ४०० दात्यांचे दुसरे चक्र एका दात्याने सरके, आणि ते चक्र पुरे फिरले, म्हणजे ५००० फुटांचा रोमन मैल सरला, की वरच्या भोकातून एक खडा काशाच्या भांड्यात टण्णकन पडे. संध्याकाळी खडे मोजले की दिवसाचे मैल हाती येत.

१८१८ साली पेशवाई बुडून खानदेश कंपनी सरकारच्या अंमलाखाली आला आणि कॅप्टन ब्रिग्जने धुळ्यास आपली कचेरी थाटली. त्या काळी कंपनीचे मोजणीदार हिंदुस्थानातील वाटा मोजीत, त्या लांब दांड्याच्या एका मोठ्या चाकाने. माणसाने ते ढकलीत न्यावे आणि तबकडीवर मैल वाचावे. पुढे १९०२ साली ऑटो शुल्झे या जर्मन अभियंत्याने फिरत्या लोहचुंबकाने वेग दाखविणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि काटा व आकडे एकाच डबीत नांदू लागले. आमच्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, तेव्हा मैलांची जागा किलोमीटरांनी घेतली. आतील यंत्रणा तीच राहिली.

काटा चालतो आणि आकडे अडतात, याचे कारणही या रचनेतच आहे. पुढच्या चाकाकडून येणारी केबल ज्या दांडीला फिरविते, तिच्या टोकाचा लोहचुंबक काटा ओढतो, आणि तिच्याच मळसूत्री दात्यांवरून निघालेली चक्रे आकड्यांची पिंपे फिरवितात; एक पिंप नवावरून शून्यावर येताना त्याचे दाते चिमुकल्या पिनियनला ढकलतात आणि शेजारचे पिंप एक घर पुढे सरते. तेव्हा काटा हलत असेल तर केबल शाबूत समजावी आणि दोष डबीत शोधावा. धुळ्याच्या एका वृद्ध कारागिराने काचेभोवतीची दुमडलेली पत्र्याची कड बोथट पेचकसाने जरा जरा करून उचलली, काटा अलगद काढला, आणि पिंपांच्या दांडीवर मेणासारखे घट्ट झालेले ग्रीस मला दाखविले. ब्रशाने, थोड्याशा पेट्रोलने, पण आकड्यांच्या रंगाला न शिवता त्याने ते धुतले. दांडीवर घड्याळाच्या तेलाचा एकेक थेंब सोडला. चुंबकाच्या वाटीकडे मात्र तेल फिरकू दिले नाही.

सर्व जुळविताना पिंपे हाताने हवी तशी फिरतात, आणि गाडी विकणाऱ्याच्या मोहाचा क्षण तो हाच. म्हणून वाचकांस विनंती, की डबी उघडण्यापूर्वी आकडा कागदावर उतरून घ्यावा आणि मीटर त्याच आकड्यापासून पुन्हा चालू करवावे. माझ्या मीटरात धुळे-जळगावचे ९० किलोमीटर कमी आहेत. गाडीच्या वहीत ते तारखेसह लिहून ठेवले आहेत.