फिनॉमिनॉलॉजी आणि विज्ञानांची एकात्मता

फिनॉमिनॉलॉजी : जाणिवेला वस्तू जशी प्रतीत होते तशीच तिची, पूर्वग्रह बाजूस ठेवून, मीमांसा करणारी तत्त्वज्ञानपद्धती. तिचा प्रवर्तक एडमुंड हुसेर्ल (१८५९–१९३८) हा मूळचा गणिती. तर्काचे नियम मानसशास्त्रात विलीन करू पाहणाऱ्या मताचे त्याने १९००–०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या तर्कशास्त्रविषयक ग्रंथात खंडन केले.

विज्ञानांच्या एकीकरणाचा मार्ग ‘व्हिएन्ना मंडळ’ या तत्त्वज्ञ व वैज्ञानिकांच्या गटातील ऑटो नॉइरात प्रभृतींनी सर्व शास्त्रांस समान अशा भौतिक भाषेत शोधला व १९३८ पासून शिकागो येथे त्यासाठी कोशमालाही काढली. हुसेर्लच्या मते जड निसर्ग, सजीव सृष्टी व मानवी संस्कृती ही क्षेत्रे स्वरूपतःच भिन्न असल्याने एकाचा दुसऱ्यात लय करता येत नाही. त्यांचे ऐक्य आहे ते, ज्या नित्याच्या अनुभवातून ती सर्व उद्भवतात त्या ‘जीवनजगता’त. १९३५ मधील व्हिएन्ना व प्राग येथील व्याख्यानांतून आकारास आलेल्या आणि १९३६ मध्ये अंशतः प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, गॅलिलिओनंतरच्या विज्ञानाने निसर्गावर चढविलेल्या गणिती वेषासच निसर्ग मानल्याने या उगमाचे विस्मरण झाले, असे त्याने प्रतिपादिले.

भूमितीचा उगम त्याने जमीनमोजणीत पाहिला. मराठीत तर शब्दच तशी साक्ष देतो. उदाहरणार्थ, ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यातल्या काल्हेरच्या शिवारात भाताचे खाचर प्रथम बांधावरून चालणाऱ्याच्या पायांना कळते. जुन्या पद्धतीत मोजणीदाराची ३३ फुटांची, १६ आण्यांची साखळी त्यावर पडली म्हणजे त्याचे १,०८९ चौरस फुटांचे गुंठे होत, आणि सातबाऱ्यावर आकार व पीकपाहणी यांच्या रकान्यांत तेच खाचर पुन्हा अवतरते. मृदाशास्त्र, अर्थशास्त्र व कायदा त्याच भूमीकडे निरनिराळ्या बाजूंनी पाहतात. परंतु आपण पाहतो ती भूमी एकच, हे त्यांपैकी कोणालाही आपल्या रकान्यातून सिद्ध करता येत नाही.

या मतावरील मुख्य आक्षेप असा, की जीवनजगत् समाजपरत्वे व कालपरत्वे पालटते, मग सार्वत्रिक विज्ञानाचा पाया ते कसे व्हावे? काल्हेरातच भातशेतीच्या जागी गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. बांध गेले, तरी गुंठा १,०८९ चौरस फुटांचाच राहिला. हुसेर्लचा अनुयायी यात आकारांची कालातीतता पाहील. आक्षेपक म्हणेल, की ज्या बांधावरून हा गुंठा निघाला त्यावाचूनही त्याचा व्यवहार सुरळीत चालू आहे.