घरचा टीव्ही, प्रयोगशाळेतला संगणक आणि एकच पत्ता

मागच्या सुट्टीत अहिल्यानगरला घरी बसून मी प्रयोगशाळेतल्या यंत्राचा संगणक उघडायला गेले. व्हीपीएन जोडलं गेलं, १९२.१६८.१.२० ला पिंग केलं, उत्तरही लगेच आलं. पण रात्रभर चाललेल्या प्रयोगाच्या फायली काही उघडेनात. बऱ्याच वेळाने ट्यूब पेटली: उत्तर देत होता तो बैठकीतला टीव्ही! घरच्या राउटरने त्याला नेमका तोच पत्ता दिला होता, आणि लॅपटॉप आधी जवळच शोधणार. तिकडे प्रयोग मध्येच बंद पडला होता, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. एका दिवसाची मोजमापं गेली.

एकच पत्ता दोघांना मिळतोच कसा? पूर्वी असं अपेक्षितच नव्हतं. इंटरनेटवरच्या प्रत्येक संगणकाचा पत्ता जगात एकमेव असायचा. आपल्याकडे १९८६ मध्ये अर्नेट प्रकल्प सुरू झाला. त्यात मुंबईतल्या जुहूचं एनसीएसटी होतं, आयआयटी मुंबई होती. १९८९ मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेशी ९.६ केबीपीएसची लाइन जोडली गेली. (आज एक फोटो पाठवायला तिला अर्धा-पाऊण तास लागला असता.) अर्नेटला मिळालेला पत्त्यांचा गठ्ठा १४४.१६ ने सुरू होणारा, एकूण ६५,५३६ पत्त्यांचा. त्या आकाराचे गठ्ठे साऱ्या जगासाठी १६,३८४ च होते आणि १९९० नंतर ते झपाट्याने संपू लागले.

म्हणून मार्च १९९४ मध्ये आरएफसी १५९७ ने सुचवलं: काही पत्ते राखून ठेवा, ते कुणीही आपल्या चार भिंतींत वापरावेत, बाहेर मात्र ते चालणार नाहीत. त्याच वर्षी आरएफसी १६२७ ने याला कडाडून विरोध केला. उद्या दोन संस्था एकमेकींना जोडायच्या झाल्या, तर पत्ते एकमेकांवर आदळतील, हा त्यातला एक मोठा मुद्दा. म्हणजे माझा टीव्हीच की! गंमत अशी, की विरोध करणाऱ्यांपैकी एलियट लिअर फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ चे सहलेखक झाले. आज आपण वापरतो ते नियम याच दस्तऐवजाचे. १९९० मध्ये बंद झालेल्या अर्पानेटचा १० हा सगळा गठ्ठा, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ एवढे पत्ते खाजगी ठरले. शिवाय त्यात स्पष्ट शिफारस आहे, की यातला आपला तुकडा यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखा निवडा.

ती शिफारस कुणी पाळत नाही. राउटर खोक्यातून बाहेर येतो तोच बहुधा १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ घेऊन, आणि आपण तो तसाच ठेवतो. खरं तर एकट्या १० मध्ये २५६ पत्त्यांचे ६५,५३६ तुकडे निघतात.

त्याच दस्तऐवजात आणखी एक कामाची गोष्ट आहे: आधी संगणकांची वर्गवारी करा. ज्याला बाहेरून कुणी थेट गाठायला हवं, त्यालाच सार्वजनिक पत्ता. आमच्या यंत्राच्या संगणकावर जुनी विंडोज आहे. नवी घातली तर यंत्राचं सॉफ्टवेअर चालत नाही. तो उघड्यावर ठेवणं म्हणजे चोराला आवतण. सर्वांसाठी खुला डेटा ठेवायचा सर्व्हर असेल, तर त्याचं गणित वेगळं.

आता प्रयोगशाळेत १०.१४३.५८ चालतं. कॅल्क्युलेटरने दिलेले यादृच्छिक आकडे घेतले आणि भिंतीवरच्या कागदावर लिहून ठेवले. टीव्ही आहे तिथेच आहे.