बाबांचा गळ आणि राजाचा मत्स्यविनोद

निमित्त अमेरिकेतल्या नातवाचं. परवा व्हिडिओ कॉलवर त्याने मला एक चीज दाखवली. गळाच्या मानेशी शिशाचं छोटं डोकं, त्याखाली रबरासारख्या रंगीत झिरमिळ्यांचा झगा. "आजोबा, हा जिग मी स्वतः बनवला!" तिकडे बास नावाचा मासा धरायला हे वापरतात म्हणे. पाण्यात बुडताना झिरमिळ्या फुलतात, माशाला वाटतं काहीतरी जिवंत आहे, अन् तो झडप घालतो.

मी थोडा वेळ गप्पच झालो. कारण अशी वस्तू मी साठ वर्षांपूर्वी पाहिली होती, आमच्या महालातल्या घरी, बाबांच्या हातात.

बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे. झिजून बाद झालेले दोन-चार खिळे मालकाला विचारून घरी आणायचे, आईच्या नजरेआड जुन्या पळीत वितळवायचे. शिशाचा थेंब गळाच्या दांडीवर बसला की सायकलच्या फुटक्या ट्यूबचे सुतासारखे बारीक काप काढून दोऱ्याने आवळायचे. गांडूळ किंवा कणकेच्या गोळीवर न येणाऱ्या मरळीसाठी हा खास थाट. रविवारी पहाटे अंबाझरी. मला सोबत न्यायचे, पण मी जरा लांबच बसायचो. वर्गातला कुणी बघेल ही धास्ती! मास्तर व्हायचं होतं ना मला.

आता इतिहासाकडे वळतो, नाहीतर जुनी खोड म्हणाल.

बी.ए.ला मराठी भाषेच्या उगमाचा अभ्यास करताना 'मानसोल्लास' हे नाव घोकलं होतं. 'अभिलषितार्थचिंतामणी' हे त्याचं दुसरं नाव. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा हा संस्कृत ग्रंथ, शके १०५१ म्हणजे इ.स. ११२९ चा. ते कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं. ग्रंथात जुन्या मराठीचे काही तुकडे सापडतात, म्हणून परीक्षेत टीप यायची. टीप लिहिली, गुण मिळाले, विषय संपला.

निवृत्तीनंतर वाचनालयात कळलं की या ग्रंथाची पाच प्रकरणं, प्रत्येकात वीस अध्याय. राज्यकारभार, स्वयंपाक, हत्ती-घोडे, गाणं, सगळं त्यात. आणि करमणुकीच्या भागात चक्क 'मत्स्यविनोद'! मासे कोणते, राहतात कुठे, खातात काय, त्यांना चारा घालून एका जागी कसं आणायचं, आमिष कोणतं, दोरी अन् काठी कशी हवी, हे सगळं एक सम्राट लिहितो. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादलेला याचा पहिला खंड १९२५ साली निघाला. पुढे भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे संचालक सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या माशांवर इंग्रजीत लेख लिहिला. हेन्री सुलिव्हन थॉमस या साहेबाचं 'द रॉड इन इंडिया' १८७३ चं. म्हणजे गळाचा शौक गोऱ्यांनी आणला हा समज साडेसातशे वर्षांनी चुकलेला!

अर्थात राजाला हे ज्ञान आलं कुठून? पाण्यात उभं राहणाऱ्या माणसांकडूनच आलं असणार, असं माझं मत. त्यांची नावं ग्रंथात नसणार, हे ओघानेच आलं. आपल्या भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव घ्या. ते बांधणाऱ्या कोहळ्यांचं कौतुक होतं, व्हायलाच हवं. पण कोणत्या महिन्यात कोणता मासा कुठल्या काठाला येतो हे ढिवरांच्या पिढ्यांना तोंडपाठ. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, पण ही माहिती कुठल्या दप्तरात जमा झाली नाही.

आता लिहायला जड जाणारी गोष्ट. माझ्या वर्गात एक ढिवराचा पोरगा होता. श्रावणात हमखास दांडी. एकदा त्याच्या दप्तरातून गळ निघाला, त्यावर लाल लोकरीचे धागे इतके सुबक बांधलेले! ती बांधणी मी ओळखली होती. तरी सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "याने पोट भरणार का रे?" पोरं हसली. गळ मी टेबलाच्या खणात टाकला, परत दिला नाही. सातवीनंतर तो शाळेत दिसला नाही. मानसोल्लास मला तेव्हा नावानेच माहीत होता, पण बाबा तर माहीत होते ना?

नातवाला हे सगळं सांगितलं, त्या पोराचंसुद्धा. तो जरा थांबून म्हणाला, "आजोबा, तुमचे बाबा ते रबर कसं बांधायचे? माझं तर दोन-चार वेळा फेकलं की सुटतं."

आठवून पाहिलं. दोरा दातात धरायचे, पाच-सहा वेढे द्यायचे, मग शेवटचा वेढा उलटा घालून काहीतरी करायचे. ते काहीतरी काय, ते मी लांब बसलो होतो म्हणून दिसलं नाही. त्याला तेवढंच सांगितलं. उलट्या वेढ्यापर्यंत करून बघतो म्हणाला.