मराठवाड्यातील वैद्यकार्थी व पदार्थविज्ञानाची पायरी

वैद्यक शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने पदार्थविज्ञान कोणत्या पायरीपर्यंत शिकावे, गणितासह की गणितावाचून, हा प्रश्न सांप्रत नांदेड व लातूर येथे घरोघर चर्चिला जातो. तो आजचा म्हणून इतिहाससंशोधकांनी बाजूस सारावा, असा नाही. ही पायरी विद्यार्थी स्वेच्छेने निवडतो असे म्हणतात. वस्तुतः प्रत्येक काळी ती प्रवेशाच्या दाराने ठरविली, हे दाखविण्याचा आमचा हेतू आहे.

पहिला काळ निजामी राजवटीचा. मुंबईचे ग्रँट वैद्यक महाविद्यालय १८४५ साली निघाले, व हैदराबादची वैद्यकशाळा १८४६ साली. औरंगाबादेस वैद्यक महाविद्यालय होईपर्यंत, म्हणजे १९५६ पर्यंत, मराठवाड्यातील वैद्यकार्थ्यास संस्थानात शिकावयाचे तर हैदराबाद गाठणे प्राप्त होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. त्याच्या भाषांतर खात्याने, म्हणजे दारुत्तर्जुम्याने, पाश्चात्य शास्त्रग्रंथ उर्दूत आणविले. मराठीतील पदार्थविज्ञान तेथे ‘तबीइयात’ झाले. उष्णता ‘हरारत’, बल ‘कुव्वत’ आणि गती ‘हरकत’. ज्याच्या घरी हरकत म्हणजे आक्षेप आणि कुवत म्हणजे ऐपत, त्या मराठी मुलास तेच शब्द शास्त्रार्थाने नव्याने शिकावे लागत. त्या काळी विषयाच्या खोलीआधी भाषेचीच पायरी चढावी लागे.

दुसरा काळ १७ सप्टेंबर १९४८ नंतरचा. नांदेडास १९५० साली पीपल्स कॉलेज निघाले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झाले. लातुरास १९६१ साली दयानंद व १९७० साली राजर्षी शाहू महाविद्यालय उभे राहिले. पुढे बारावीचे पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र यांचे गुण हेच वैद्यकाचे दार ठरले. गणिताचे गुण त्यात धरीत नसत. तेव्हा ते सोडणे व्यवहारास धरून होते. याच व्यवस्थेत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत ‘लातूर पॅटर्न’ नावारूपास आला. पुन्हा पुन्हा चाचण्या, उत्तरपत्रिकांची बारकाईने तपासणी आणि चुकांची दुरुस्ती हे त्याचे मर्म. सिद्धता जशीच्या तशी उतरविणे व ठराविक उदाहरणे सोडविणे, येथवर पदार्थविज्ञानाची पायरी बांधली गेली. लातुरास हे जमले यात त्याचा उणेपणा नाही. दार जसे होते तशी किल्ली घडविली गेली.

तिसरा काळ ‘नीट’ परीक्षेचा. ती प्रथम २०१३ साली झाली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली व २०१६ साली पुन्हा प्रस्थापित केली. महाराष्ट्रात त्या वर्षी अध्यादेशाच्या आधारे राज्याची परीक्षा टिकली. २०१७ पासून मात्र ‘नीट’ हेच एक दार उरले. १८० प्रश्नांपैकी ४५ पदार्थविज्ञानाचे, ७२० गुणांपैकी १८०. बरोबर उत्तरास चार गुण, चुकीच्यास एक वजा. येथे पाठ केलेली सिद्धता कामास येत नाही. सूत्र कोठे लागते ते ओळखून आकडेमोड मिनिटभरात करावी लागते. २०१७ साली प्रश्नपत्रिका मराठीतही निघाली व २०१८ पासून उर्दूतही. एके काळी या प्रदेशातील उच्च शिक्षणाची जी प्रमुख भाषा, ती आता अनेकांपैकी एक झाली.

अकरावीस गणित सोडण्याची मुभा आजही आहे. पण ती कागदावरची होय. राज्याच्या २०१९ च्या अकरावीच्या पदार्थविज्ञान पुस्तकात दुसरे प्रकरणच गणिती पद्धतींचे आहे. सदिश व विकलन यांतून गणित सोडणाऱ्याचीही सुटका नाही. एका दाराने घालविलेले गणित दुसऱ्या दाराने घरात येते. म्हणून वैद्यकार्थ्याने वरची पायरी धरावी, निदान तेवढे गणित वेगळे शिकावे, असे आमचे मत आहे. गुणांचा चौथा हिस्सा दैवावर सोडणे शहाणपणाचे नव्हे.

संग्राहकांस एक विनंती. सनदा व बखरी जपणारे हात दारुत्तर्जुम्याची पदार्थविज्ञानाची पुस्तके, जुन्या प्रवेशपुस्तिका, चाचण्यांच्या प्रश्नपत्रिका व विद्यार्थ्यांच्या टाचणवह्या रद्दीत घालतात. शिकवण्यांच्या वह्या तर परीक्षा संपताच वजनावर विकल्या जातात. मराठवाड्याच्या तीन पिढ्यांनी कोणते शास्त्र, कोणत्या भाषेत आणि कोणत्या धाकाने शिकले, याचा अस्सल पुरावा याच कागदांत आहे. सनदांच्या रुमालाशेजारी त्यांसही एक रुमाल मिळावा.