रीस्लिंग वाईनमधील कोरडी व अर्धकोरडी शैली : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
जर्मनीतील ऱ्हाइन व मोझेल नद्यांच्या खोऱ्यांत रुजलेले रीस्लिंग हे पांढऱ्या द्राक्षाचे वाण उच्च आम्लता व सुगंध यांसाठी प्रसिद्ध आहे. या एकाच वाणापासून कोरडी (जर्मन भाषेत 'ट्रोकन') व किंचित गोड म्हणजे अर्धकोरडी ('हाल्बट्रोकन') अशा दोन्ही प्रकारची वाईन तयार होते. गोड रीस्लिंग हीच जर्मनीची मूळ परंपरा होय, असा समज अनेकदा आढळतो. तो इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
रीस्लिंगचा सर्वात जुना ज्ञात लेखी उल्लेख १४३५ सालचा असून तो रुसेल्सहाइम येथील हिशेबात आढळतो. १७२० च्या सुमारास ऱ्हाइनगाऊमधील योहानिसबर्ग येथे या वाणाची मोठी लागवड झाली. १७७५ मध्ये तेथेच तोडणीस विलंब होऊन 'श्पेटलेझे' म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांच्या वाईनचे महत्त्व प्रस्थापित झाले, असे मानले जाते.

तथापि उशिरा तोडलेली वाईन गोडच असते असे नव्हे. लाकडी पिंपांत दीर्घकाळ चालणाऱ्या किण्वनात बहुतांश शर्करेचे मद्यार्कात रूपांतर होई. शर्करा उरल्यास उन्हाळा येताच किण्वन पुन्हा सुरू होण्याचा धोका असे. विसाव्या शतकात जंतुरहित गाळणीचे तंत्र आल्यावर हा धोका टळला. बाटलीबंद करण्यापूर्वी न आंबवलेला द्राक्षरस मिसळण्याची पद्धतही रूढ झाली. अतिपक्व द्राक्षांच्या दुर्मिळ वाईन वगळता, नित्याच्या वाईनमधील गोडवा हे मुख्यतः या तंत्रज्ञानाचे फलित होय.

कायदा आणि रसना :
१९७१ च्या जर्मन कायद्याने वाईनचा दर्जा द्राक्षरसाच्या ओक्सले अंशांवर, म्हणजे तोडणीच्या वेळच्या शर्करेवर ठरविला. बाटलीत किती शर्करा उरली हे त्यावरून कळत नाही. त्यामुळेच 'श्पेटलेझे ट्रोकन' अशी कोरडी वाईनही संभवते.

युरोपीय नियमांनुसार लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत शर्करा असलेली वाईन कोरडी ठरते. आम्लता शर्करेपेक्षा २ ग्रॅमहून अधिक कमी नसल्यास ही मर्यादा ९ ग्रॅमपर्यंत जाते. उदाहरणार्थ, ८ ग्रॅम शर्करा व ७ ग्रॅम आम्लता असलेली वाईन कोरडी ठरते. तेवढीच शर्करा पण ५ ग्रॅम आम्लता असल्यास ती अर्धकोरडी ठरते. म्हणजेच गोडव्याची जाणीव केवळ शर्करेवर नव्हे, तर शर्करा व आम्लता यांच्या समतोलावर अवलंबून असते. बाटल्यांवर दिसणाऱ्या 'फाइनहेर्ब' या शब्दाला तर कायदेशीर व्याख्याच नाही.

आस्वादनातील तुलना :
तुलना करताना दोन्ही वाईन समान तापमानाला असाव्यात, कारण अतिथंड वाईनमधील गोडवा दबतो. प्रथम कोरडी व नंतर अर्धकोरडी वाईन चाखणे इष्ट. उलट क्रमाने कोरडी वाईन अकारण आंबट भासते. कोरड्या शैलीत आम्लतेची धार ठळक जाणवते, तर अर्धकोरड्या शैलीत फळांचा स्वाद पुढे येतो आणि तिखट पदार्थांशी तिचा मेळ चांगला बसतो.

निष्कर्ष :
१९८० नंतर जर्मनीत कोरड्या शैलीकडे कल वाढला व २००२ पासून व्हीडीपी या उत्पादकसंघाने 'ग्रोसेस गेवेक्स' ही कोरड्या वाईनची श्रेणी रूढ केली. हे परंपरेपासूनचे विचलन नसून बहुतांशी जुन्या वळणाकडे परतणे होय. मात्र अर्धकोरडी शैलीही त्यामुळे हिणकस ठरत नाही. 'परंपरा' म्हणून जे सांगितले जाते, त्यामागील तंत्र व कायदा तपासणे अगत्याचे आहे, हेच यावरून स्पष्ट होते.