वैराची खूण

मनुष्याच्या खेळांत त्याच्या समजुतींचें प्रतिबिंब पडतें, हें विधान नवें नाहीं. परंतु एखाद्या खेळाच्या एकाच नियमांत वैर या भावनेचा पन्नास वर्षांचा इतिहास वाचावयास मिळावा, हें आम्हांस विशेष वाटतें.

हा खेळ म्हणजे अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. चारपांच मंडळी मेजाभोंवतीं बसतात. एकजण अद्भुत कथेंतील प्रसंग मांडतो, इतर एकेका पात्राची भूमिका घेतात, आणि यशापयशाचा निवाडा फांशांवर होतो. या पात्रांपैकीं ‘रेंजर’ हा रानवाटांचा जाणता व माग काढण्यांत निष्णात असा योद्धा. टोल्किनच्या कादंबरींतील ॲरॅगॉर्न हा त्याचा मानसपिता होय.

१९७५ सालीं जो फिशर यांनीं ‘स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या पत्रांत रेंजरचे पहिले नियम लिहिले. राक्षसवर्गांतील कोणत्याहि प्राण्यावर रेंजरचा घाव अधिक खोल बसे. समोरच्यानें कांहीं केलें आहे कीं नाहीं, हा प्रश्नच नव्हता. त्याचा जन्म हाच त्याचा अपराध! १९८९ च्या आवृत्तींत रेंजरनें स्वतः एक जात शत्रु म्हणून निवडावी असें ठरलें. तिच्यावर नेम साधण्यास त्याला चार गुण अधिक मिळत. परंतु हा द्वेष लपत नसे, म्हणून त्या जातीशीं बोलणीं करतांना तेवढीच हानि सोसावी लागे. द्वेषाला किंमत पडते, ही जाणीव येथें प्रथम दिसते.

या पद्धतींत एक व्यावहारिक अडचणहि होती. निवडलेली जात कथेंत आलीच नाहीं, तर रेंजरचें हें सामर्थ्य वायां जाई. २००८ सालीं जातीची अट सुटली. जवळच्या एका शत्रूला भक्ष्य ठरवावें, असा नियम आला. २०१४ सालीं त्याच कल्पनेला ‘हंटर्स मार्क’, म्हणजे शिकाऱ्याची खूण, या मंत्राचें रूप मिळालें. नव्वद फुटांच्या आंत दिसणाऱ्या एका प्राण्यावर रेंजर ही खूण करतो. त्यानंतर शस्त्राचा प्रत्येक घाव लागतांच सहा बाजूंच्या एका फांशाइतकी जादा इजा होते, आणि तो प्राणी पळाला तरी त्याचा माग काढणें सुलभ होतें. मूळ रूपांत मंत्र एक तासापर्यंत टिकतो, अधिक शक्ति खर्चून केल्यास त्याहून अधिक. जातीविषयींचें जुनें कलम नाहींसें झालें नाहीं. पण त्यांतून मिळे तें केवळ ज्ञान: त्या जातीची भाषा, तिच्या खुणा, तिचा माग. घाव मात्र व्यक्तीपुरता राहिला. २०२४ च्या नियमांत तर ‘आवडता शत्रु’ या जुन्या नांवाखालीं हा मंत्रच दिला आहे.

मंत्राचें खरें मर्म त्याच्या अटींत आहे. खूण टिकविण्यासाठीं रेंजरला अवधान राखावें लागतें. तें असतां अवधान लागणारा दुसरा मंत्र चालवितां येत नाहीं, आणि स्वतःस घाव बसला तर फांसा टाकून तें टिकतें कीं सुटतें हें पाहावें लागतें. जन्मजात वैर फुकट मिळत होतें; निवडलेलें वैर मन अडकवून ठेवतें.

तरी या बदलास निव्वळ उन्नति म्हणण्यास आम्ही धजत नाहीं. खूण केलेला प्राणी पडला, तर तीच खूण पुढच्या पाळींत दुसऱ्यावर हलवितां येते. जातीचा द्वेष गेला, पण एका प्रेतावरून दुसऱ्या देहाकडे जाणारी नजर राहिलीच. तथापि वैराला काळाची मर्यादा आहे, त्याचें मोल आहे, आणि तें कोणाशीं धरावयाचें याचा जाब निवडणाऱ्यानेंच द्यावयाचा आहे, एवढें तरी हा नियम शिकवितो. वाडवडिलांकडून आलेलीं वैरें बिनमोल समजून जपणाऱ्या समाजांनीं त्याचा विचार करण्यास हरकत नाहीं.