जुन्या गाडीचे जुनेपण

खडकाळ वाटेने धावणाऱ्या कोणत्याही उघड्या गाडीला आपल्याकडे सरसकट ‘जीप’ म्हणण्याचा प्रघात आहे. त्याला कारणही तसेच आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याबरोबर ही गाडी जगभर गेली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईच्या महिंद्र कंपनीने अमेरिकेतील विलीस कंपनीच्या जीपगाड्या आपल्या देशात जोडून विकण्यास आरंभ केला. त्यामुळे मूळ नाव सर्वांच्या तोंडी बसले. परंतु याच जीपच्या पोटी इंग्लंडमध्ये आणखी एक गाडी जन्माला आली. तिचे नाव लँड रोव्हर. तिच्या जन्माची आणि सत्तर वर्षांनंतर झालेल्या तिच्या पुनरुद्धाराची हकीकत उद्बोधक आहे. जुनी वस्तू दुरुस्त करणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न त्या हकीकतीत दडलेला आहे.

युद्ध संपले तेव्हा इंग्लंड विजयी झाले होते, पण कंगाल झाले होते. पोलाद नियंत्रित वाटपानेच मिळे. परकीय चलन मिळवण्यासाठी मालाची निर्यात करा, असा सरकारचा आग्रह होता. रोव्हर कंपनी मुळात सुखवस्तू लोकांसाठी मोटारी बनवणारी. कव्हेंट्री येथील तिच्या कारखान्याची बॉम्बहल्ल्यांत मोठी हानी झाली होती व ती सॉलिहल येथे स्थलांतरित झाली होती. महागड्या मोटारींना गिऱ्हाईक नव्हते आणि त्या बनवण्यास पोलादही नव्हते. कंपनीचे मुख्य अभियंते मॉरिस विल्क्स यांची वेल्समधील अँगलसी बेटावर शेती होती. तेथे ते युद्धातून उरलेली एक जीप वापरीत असत. तिच्या तोडीची दुसरी गाडी मिळणे कठीण, हे त्यांच्या लक्षात आले. १९४७ साली त्यांनी व त्यांचे बंधू स्पेन्सर विल्क्स यांनी असे वाहन आपणच बनवावे असे ठरवले. मोटारींचा धंदा पूर्वपदावर येईपर्यंतची ही एक तात्पुरती सोय, एवढाच त्यामागे विचार होता.

टंचाईनेच या गाडीला तिचे रूप दिले. पोलाद दुर्मिळ, पण विमानांच्या कारखान्यांत वापरला जाणारा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू उपलब्ध होता. म्हणून गाडीचा बाह्य पत्रा ॲल्युमिनियमचा झाला. वळणदार पत्र्यासाठी महागडे साचे लागतात, ते टाळण्यासाठी आकार सरळ व चपटे ठेवण्यात आले. तळाचा सांगाडा, म्हणजे चॅसी, मात्र पोलादी पट्ट्या वेल्डिंगने जोडून पोकळ पेटीसारखी बनवली. आरंभीच्या गाड्यांचा फिकट हिरवा रंगही विमानांसाठी आणलेल्या साठ्यातून उरलेला होता, असे सांगतात. चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळे व त्याच इंजिनावर पट्टा लावून शेतातील यंत्रेही चालवता येत. ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी प्रथम लोकांपुढे आली. तात्पुरत्या सोयीने लवकरच मोटारींच्या विक्रीलाही मागे टाकले. जानेवारी २०१६ मध्ये सॉलिहल येथील तिचे उत्पादन थांबले तेव्हा तिच्या वंशातील वीस लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या होत्या.

ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनासाठी नेलेल्या मोजक्या गाड्यांपैकी एक पुढे जवळजवळ बेपत्ता झाली. १९६० नंतरच्या दशकात ती रस्त्यावर धावायची थांबली. मग वेल्समधील एका शेतात ती वीस वर्षे एका जागी उभी राहून केवळ इंजिनाची शक्ती पुरवीत होती. त्यानंतर दुरुस्त करण्याच्या हेतूने कोणीतरी ती विकत घेतली, पण हेतू तडीस गेला नाही. इंजिन जाम झालेल्या अवस्थेत ती एका घराच्या बागेत पडून राहिली. योगायोग असा, की ती बाग तिच्या जन्मस्थळापासून, सॉलिहलपासून, काही मैलांवरच होती! कंपनीच्या तज्ज्ञांनी अनेक महिने दप्तरे चाळून तिची ओळख पटवली आणि २०१८ साली, गाडीच्या सत्तराव्या वर्षी, कव्हेंट्री येथील कंपनीच्या कार्यशाळेत तिच्या पुनरुद्धाराचे काम हाती घेतले. २००८ साली ही कंपनी टाटा मोटर्सने विकत घेतली. त्यामुळे मुंबईतील उद्योगसमूहाचाही या कामाशी संबंध येतो.

असे काम किती किचकट असते, हे समजून घेण्यासारखे आहे. ॲल्युमिनियम गंजून लाल होत नाही, पण पोलादाला जोडलेल्या ठिकाणी ओलावा शिरला की त्याची पांढरी भुकटी होऊ लागते. पोकळ चॅसी आतून गंजते. बाहेरून ती धडधाकट दिसते व हातोडीने ठोकून पाहिल्यावरच तिची खरी अवस्था कळते. उपरोक्त गाडीच्या चॅसीवर जस्ताचा मुलामा दिलेला होता आणि तिचा पत्राही नंतरच्या गाड्यांपेक्षा जाड होता. सिलिंडरमध्ये अडकलेले दट्टे जबरदस्तीने फिरवले तर मोडतात. त्यांत तेल सोडून कित्येक दिवस धीर धरावा लागतो.

परंतु खरा प्रश्न हातोडीचा नाही, विवेकाचा आहे. अशा गाडीचा पत्रा सरळ करून, नवा रंग देऊन ती १९४८ च्या प्रदर्शनातल्यासारखी चकचकीत करता आली असती. तसे केल्यास ती पाहणाऱ्याला सुंदर दिसली असती, पण शेतात घालवलेली तिची वीस वर्षे पुसली गेली असती. तज्ज्ञांनी निराळा निर्णय घेतला. १९४८ साली दिलेला फिकट हिरवा रंग व काळाने सुट्या भागांवर उमटवलेल्या खुणा राखूनच गाडी चालती करायची, असे त्यांनी ठरवले.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. विक्रीसाठी नियमित बनवलेल्या मालिकेतील अगदी पहिली गाडी, जिचा नोंदणी क्रमांक जेयूई ४७७, ती राजे सहावे जॉर्ज यांना देण्याचा विचार होता असे म्हणतात. प्रत्यक्षात ती इंग्लंडच्या उत्तर सीमेवरील नॉर्थम्बरलंड परगण्यातील एका शेतकऱ्याकडे गेली. त्याने ती जवळजवळ पन्नास वर्षे सांभाळली. पुढे उद्योगपती सर जिम रॅटक्लिफ यांनी ती घेऊन तिचा पुनरुद्धार करवला. कारागिरांचे कौतुक झाले व ते योग्यच होते. पण त्या शेतकऱ्याने ती भंगारात घातली असती तर कारागिरांनी कशावर काम केले असते? जतनाचे अर्धे श्रेय, जे मोडले ते टाकून न देणाऱ्यालाही आहे.

वाचकहो, आपल्याही घरामागे ताडपत्रीखाली वडिलांची एखादी जीप उभी असेल. ती दुरुस्त करण्याची इच्छा स्तुत्य आहे. परंतु गॅरेजवाल्याला बोलावण्यापूर्वी थोडा विचार करावा. ती आपल्याला कोणत्या वर्षाची हवी आहे? कारखान्यातून निघाली त्या वर्षाची, की वडिलांनी चालवली त्या वर्षांची? चॅसी व इंजिनावरील क्रमांक लिहून ठेवावेत, प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे घ्यावीत, काढलेला जुना भाग लगेच फेकू नये. गंज काढलाच पाहिजे, कारण तो गाडी खातो. ब्रेक व स्टिअरिंग निर्दोष हवेतच, कारण त्यांवर माणसांचे प्राण अवलंबून असतात. पण दारावरचा एखादा पोचा गाडीला इजा करीत नाही. तो कोणत्या पावसाळ्यात, कोणाच्या हातून पडला हे सांगणारे वडीलधारे माणूस घरात असेल, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसावे. पत्रा पुढच्या वर्षीही ठोकता येईल.